पक्क्या बिलाचा सोफा

बन्सीलालचं पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. काचेखाली असलं की ते सतत दिसेल आणि उत्तर लवकर जाईल, असा माझा हिशेब. झालं असं, की सतत दिसणाऱ्या वस्तूची डोळ्यांना सवय होते. काही दिवसांनी मी त्या काचेवर, बरोबर त्या पत्रावर, चहाचा कप ठेवू लागलो.

बन्सीलाल धुळ्याला देवपुरात राहतो. साक्री तालुक्यात शाळामास्तर होता. मी जळगावला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमची मैत्री तरुणपणापासूनची आणि मुख्यतः पत्रांतून झालेली. आता फोन दोघांकडेही आहेत, पण फोनवर आम्ही दोघेही निरुपयोगी. "बरं आहे ना?" "बरं आहे. तुझं?" "बरं आहे." त्यानंतर समोरचा कधी ठेवतो याची दोघेही वाट बघत बसतो. पत्रात मात्र बन्सीलाल चांगला मोकळा होतो आणि मीही थोडा होतो.

या पत्रातलं अक्षर नेहमीचं नव्हतं. मोठं मोठं, आणि ओळी उजवीकडे डोंगर चढल्यासारख्या वर गेलेल्या. लिहिलं होतं: 'रुपचंद, डोळ्यांचं आता काही होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माणूस आला ते कळतं, कोण आला ते कळत नाही. जिना चढणं बंद केलंय. वरची खोली मुलाला हवी आहे. माझी पुस्तकं तू घे. दुसऱ्या कोणाला द्यायला जीव होत नाही. पुस्तकांबरोबर मीही आठवडाभर येईन म्हणतो. तू वाचून दाखव, मी ऐकेन. जमेल का कळव. नाही जमलं तरी कळव, म्हणजे दुसरं काही बघता येईल.'

कोणत्याही सरळ माणसाने त्याच दिवशी 'ये' एवढं एक अक्षर लिहून पाठवलं असतं. मी आधी भिंत मोजली.

याला कारण माझा व्यवसाय. जागा तयार नसताना पुस्तक स्वीकारायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. म्हणून मी मनाशी क्रम लावला: आधी कपाट, मग पुस्तकं, मग बन्सीलाल. हा क्रम मी आमच्या पार्वताबाईंना, म्हणजे माझ्या पत्नीला, समजावून सांगितला.

"आधी पत्र तर लिहा," त्या म्हणाल्या.

"कपाट झालं की लिहितो. एकदम तारीखच कळवतो."

"कपाट कुठे ठेवणार?"

प्रश्न रास्त होता. आमच्या घरात पुस्तकं टेबलावर, कॉटखाली, फ्रिजवर आणि पिठाच्या डब्याशेजारी आहेत. पाहुणा आला की आधी खुर्चीवरची पुस्तकं कॉटवर जातात आणि दुसरा पाहुणा आला की कॉटवरची खुर्चीवर येतात. पार्वताबाईंनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त शेजारच्या सुनंदाबाईंकडे जाऊन आल्या की त्यांच्या सोफ्याचं वर्णन करतात, हवामानाच्या बातम्या सांगाव्यात तसं. "आज बसले होते. मऊ आहे." इतकंच. मी 'हो का' म्हणतो.

तर बाहेरच्या खोलीतली एक भिंत कपाटाला द्यायचं ठरलं. सुनंदाबाईंनीच छगन मिस्तरीचं नाव सुचवलं. त्यांचं स्वयंपाकघर त्याने केलं होतं. छगन मूळचा धरणगावकडचा. त्याने भिंतीवर बोटांनी टकटक केलं, डॉक्टर पाठ तपासतात तसं, टेप लावली आणि खिशातून एक जुनी लग्नपत्रिका काढून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडा लिहिला.

"बेचाळीस हजार, नाना. बठ्ठं धरीसन."

सगळं धरून, हे शब्द मला फार आवडले. मी आगाऊ रक्कम दिली. प्लायवूड आलं, रंधा फिरू लागला, आणि थोड्याच दिवसांत कपाटाचा सांगाडा बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभा राहिला. नंतर तो भिंतीला लावायचा होता. मी त्याच्याभोवती फिरून पाहिलं. रिकाम्या खणांतून पलीकडे स्वयंपाकघर दिसत होतं आणि त्यात मला बन्सीलालची पुस्तकं लागलेली दिसत होती. त्या आनंदाच्या भरात मी ते बोलून बसलो.

"छगनभाऊ, याचं बिल मिळेल ना?"

हे मी का विचारलं, ते सांगायला हवं. माझं सगळं आयुष्य दाखल नोंदवहीत गेलं. पुस्तक कितीही चांगलं असो, त्याचं बिल नसेल तर त्याला नोंदवहीत क्रमांक नाही आणि क्रमांक नसेल तर ते ग्रंथालयात नाही, मग ते समोर टेबलावर पडलेलं असलं तरी. दरवर्षी लेखापरीक्षक येऊन हे तपासून जायचे. निवृत्त झाल्यावर लेखापरीक्षक गेले, पण भीती माझ्याकडेच राहिली. आमचा मिक्सर केव्हाच भंगारात गेला. त्याचं बिल फाइलला आहे. बिलाशिवाय घरात आलेली वस्तू मला पाहुण्यासारखी वाटते, कधीही उठून जाईल अशी.

छगनने रंधा खाली ठेवला आणि कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागेच लावली.

"पक्कं बिल पाहिजे? मंग अठरा टक्का वर लागी."

"पण तुम्ही सगळं धरून म्हणाला होता."

"बठ्ठं म्हंजे सामान नि मजुरी. त्यामा सरकार कोठे धरेल व्हतं मी?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी म्हणालो, "चहा घेता का?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीत पोचली. सुनंदाबाई कोषागारातून निवृत्त झालेल्या, आणि पलीकडचे पुनाभाऊ भुसावळला रेल्वेत गार्ड होते. दोघेही आले आणि सांगाड्याच्या दोन बाजूंना दोघे बसले. त्यामुळे खणांतून एकमेकांशी बोलताना ते तिकीट खिडकीवर भांडल्यासारखे दिसत होते.

"नाना, प्लायवूडवर त्याने दुकानात कर भरलेलाच आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "आता तो बेचाळीसवर पुन्हा अठरा मागतो. म्हणजे तुम्ही करावर कर भरणार. मजुरीपुरता द्या म्हणावं."

"मी म्हणतो, बिलच कशाला?" पुनाभाऊ दुसऱ्या खणातून म्हणाले. "बिल घेतलं की वस्तू महाग होते. हवा अजून फुकट आहे, कारण कोणी तिचं बिल मागितलं नाही."

"उद्या कपाट वाकलं तर कोणाला धरणार?"

"छगनला. तो काय बिलात राहतो?"

वाद बराच चालला. पार्वताबाईंनी केलेले शेव-मुरमुरे संपले. माझं मत कोणी विचारलं नाही, आणि खरं तर ते मलाही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की छगनशी समोरासमोर बोलणं मला जमणार नाही. तो "बोला ना नाना" म्हणाला की माझ्या तोंडून चहाच निघतो. म्हणून मी त्याला पत्र लिहिलं.

पत्र चांगलं उतरलं होतं, हे आजही नम्रपणे सांगतो. वर विषय. त्याखाली 'संदर्भ: आपले दरपत्रक (लग्नपत्रिकेच्या मागील बाजूस)'. मग क्रमवार मुद्दे: सामानावरील कर, मजुरीवरील कर, 'सगळे धरून' या शब्दांची व्याप्ती. शेवटी माझं नेहमीचं वाक्य, 'अन्यथा मला पुढील विचार करावा लागेल.' हे वाक्य मी नोकरीत पुस्तकविक्रेत्यांना कायम लिहीत असे. त्यावर मी पुढे काही विचार केल्याचं मला आठवत नाही.

"कोणाला लिहिताय?" पार्वताबाईंनी विचारलं.

"छगनला."

"तो रोज इथेच असतो की."

"म्हणूनच."

त्यांनी काचेकडे पाहिलं. "आणि बन्सीभाऊंना?"

मी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी छगन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग सुनंदाबाई सांगत आल्या, की छगनने ते पत्र कचेरीबाहेर बसणाऱ्या एका दस्तलेखकाला दाखवलं, आणि विषय, संदर्भ व मुद्द्यांना आकडे बघून त्याने ही वकिली नोटीस असल्याचं सांगितलं. छगनच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती. माझ्यासारख्या माणसाला, जो दुधाच्या पिशवीचे सुटे पैसेही परत मागू शकत नाही, कोणी घाबरू शकतं, हे ऐकून मला आधी वाईट वाटलं आणि मग, खोटं कशाला बोलू, क्षणभर ताठ बसावंसं वाटलं. ते लगेच गेलं.

सांगाडा तसाच मधोमध उभा. स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून आडवं व्हावं लागे. पार्वताबाईंनी दोन दिवस धीर धरला. तिसऱ्या दिवशी खालच्या खणात कांदे ठेवले, मधल्यात इस्त्रीचे कपडे, आणि सर्वांत वरच्या खणावर पापड वाळत घातले. पुस्तकं सोडून सगळ्यांना त्या कपाटात जागा मिळाली होती.

त्याच आठवड्यात वृषालीचा फोन आला. वृषाली म्हणजे बन्सीलालची सून.

"काका, बाबांचं पत्र मिळालं ना तुम्हाला? विचारू नको म्हणालेत ते, म्हणून गॅलरीतून बोलतेय."

"मिळालं. मिळालं ना."

"नाही, ते रोज दाराशी बसतात. पोस्टमनच्या गाडीचा आवाज ओळखतात आता. गाडी पुढे गेली की आत येऊन सांगतात, आज ऊन होतं, घाईत असेल बिचारा. म्हणून म्हटलं विचारावं. महिनाअखेर वरची खोली रिकामी करायचीय. रद्दीवाला येऊन बघून गेला. मी काही बोलले नाही त्याला अजून."

मी उठून उभा राहिलो. "रद्दीवाल्याला थांबव. मी कळवतो. इकडे कपाटाचं काम जरा करात अडकलंय."

"कुठे अडकलंय?"

"करात. जीएसटीत."

तिने, फार म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं, हळूच "बरं काका" म्हटलं.

आता माझ्याने राहवेना. पुनाभाऊंना मध्यस्थ म्हणून पाठवलं. गार्डाच्या नोकरीत त्यांनी बरीच भांडणं सोडवली होती, असं ते म्हणतात. ते छगनला घेऊन आले. छगन दारातच थांबला.

"तुम्ही माले नोटीस दिनी, नाना."

"नोटीस नव्हती हो ती. मला बोलता येत नाही, म्हणून लिहिलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, सांगाड्यावरच्या पापडांकडे पाहिलं, आणि त्याला माझी दया आली असावी.

"तुमले पक्कं बिल पाहिजे ना? मना साडूनं धरणगावले फर्निचरनं दुकान शे. तठून पक्कं बिल लई येस. अठरा टक्का तुम्ही द्या. झगडा मिटना."

मी मान्य केलं, भांडण मिटलं. करावर कर असो की आणखी काही, महिनाअखेर जवळ येत होती. कराची रक्कम मी तिथेच त्याच्या हातावर ठेवली.

दोन दिवसांनी बिल आलं. कॉम्प्युटरवर छापलेलं, गोल शिक्का मारलेलं, 'डिंपल फर्निचर मार्ट' असं वर ठळक अक्षरांत. खाली लांबलचक नोंदणी क्रमांक, नऊ टक्के केंद्राचे, नऊ टक्के राज्याचे, शेवटी एकूण रक्कम अक्षरी. इतकं देखणं बिल मी नोकरीतही क्वचित पाहिलं असेल. मी चष्मा लावला आणि मालाच्या रकान्यापर्यंत आनंदाने वाचत गेलो. तिथे लिहिलं होतं: 'सोफा, एक नग.'

"छगनभाऊ, हा सोफा कुठला?"

"तो फक्त कागदवर शे. त्यासना कॉम्प्युटरमा पुस्तकंसनं कपाट नही शे."

माझा विश्वास बसेना, म्हणून त्याने दुकानात फोन लावून दिला. साडूची मुलगी डिंपल, जिच्या नावाने दुकान होतं, तीच बिलं करत असे. आवाज गोड होता.

"काका, आमच्याकडे सोफा, पलंग, शोकेस आणि ड्रेसिंग टेबल एवढंच फीड केलेलं आहे. पुस्तकांचं कपाट कोणी मागतच नाही हो. शोकेस करून देऊ का?"

शोकेस म्हणजे काचेमागे बाहुली, कप आणि प्लास्टिकची फुलं. बन्सीलालची पुस्तकं शोकेसमध्ये, ही कल्पना मला सहन होईना. सोफा निदान उघड खोटा होता. मी "नको" म्हणालो.

"कर पोचला ना सरकारला?" पुनाभाऊ म्हणाले. "झालं मग. सरकारला काय सोफ्यात बसायचंय?"

"उद्या कोणी तपासायला आलं तर?" सुनंदाबाई म्हणाल्या. "तसं झालं तर माझा सोफा आणून ठेवू घटकाभर. संकोच करू नका."

त्यांचं मन मोठं आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर ते माझे जुने लेखापरीक्षक उभे राहिले, पेन्सिलीचं मागचं टोक बिलावर टेकवून विचारणारे, 'सपकाळे, सोफा कुठे आहे?' मी बिल पिशवीत घातलं आणि सरळ कर कार्यालयात गेलो.

तिथल्या खिडकीत एक तरुण बाई होत्या. मी आधी दोन वेळा रांगेत उभा राहून माझा नंबर आल्यावर मागच्याला पुढे जाऊ दिलं. तिसऱ्यांदा मागे कोणी नव्हतं.

"बोला आजोबा. बिल दिलं नाही का दुकानदाराने?"

"दिलं."

"कर जास्त लावला?"

"नाही, बरोबर अठरा आहे. मी गुणून पाहिलं."

"मग तक्रार काय आहे?"

"बिलातला सोफा माझ्याकडे नाही."

"म्हणजे माल दिला नाही."

"दिला. पण ते कपाट आहे. आणि तेही अर्धं. सध्या त्यात कांदे आहेत."

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मला बसायला खुर्ची दिली. मी लग्नपत्रिकेपासून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं, "ज्यांनी कपाट केलं त्यांची जीएसटी नोंदणी आहे का?"

"छगनची? नाही. त्याचं दुकानही नाही."

"मग त्यांनी कर घ्यायचाच नव्हता. लहान कारागिरांना नोंदणी लागत नाही. साध्या कागदावर पावती दिली असती, कराशिवाय, तरी तुमचं काम चोख झालं असतं."

साधा कागद तर पहिल्या दिवशीच माझ्या हातात होता. त्याच्या पुढच्या बाजूला कोणा वधूवरांची नावं होती, एवढंच.

"दुकानाविरुद्ध लेखी तक्रार देता का?" त्यांनी एक फॉर्म पुढे केला.

मला डिंपलचा गोड आवाज आठवला, छगनच्या घरची न पेटलेली चूल आठवली. आणि मी काही लिहिलं की त्याचं काय होतं, हेही आता कळलं होतं. "नको," मी म्हणालो. "मी फक्त विचारायला आलो होतो."

"नुसतं विचारायला इथे कोणी येत नाही," त्या म्हणाल्या आणि प्यायला पाणी दिलं. "मग दुकानदाराला सांगा, एक तर हे बिल रद्द करा, नाही तर बिलात आहे तो माल द्या."

हे मी छगनला जसंच्या तसं सांगितलं. बिल रद्द करा, यावर माझा भर होता. पण छगनने सुरुवातीचाच भाग ऐकला.

"तुम्ही जीएसटीना ऑफिसमा गयात?"

"विचारायला गेलो होतो."

त्याने तिथल्या तिथे साडूला फोन लावला. आधी डिंपल बोलली. रिटर्न भरून झालंय, आता रद्द करायचं तर सीएंना विचारावं लागेल, आणि सीए मुलीच्या लग्नात आहेत. मग मागून साडूचा आवाज आला, भरदार आणि घाबरलेला. "आबा, तुम्ही आता कुठे जाऊ नका. घरीच बसा. सोफा निघाला."

मी नको नको म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. पैशांचा हिशेब असा बसला, की मी दिलेले पैसे करासकट सोफ्याला गेले आणि कपाटाचे पुन्हा द्यायचे राहिले. बिल खरं करण्यासाठी सोफा आणणारं घर जळगावात बहुधा आमचंच असेल.

दुसऱ्या दिवशी धरणगावहून टेम्पो आला. सोफा मरून रंगाचा, त्यावर सोनेरी फुलं, आणि वर प्लास्टिक. तो दारातून आत आला आणि सांगाड्याला जाऊन टेकला. पुढे जाईना. मागेही घेता येईना. पुनाभाऊ हिरवी झेंडी दाखवल्यासारखा हात हलवत होते. सोफ्याचं अर्धं अंग गल्लीत होतं आणि त्यावर शेजारची दोन पोरं बसली होती. शेवटी छगनने पापड आणि कांदे आदराने बाजूला केले आणि स्वतःच्या हाताने ठोकलेला सांगाडा उसवायला घेतला. चांगलं ठोकलेलं काम उसवायला फार कष्ट पडतात. तो एकेक खिळा उपटून खाली टाकत होता. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, म्हणून खिळे वेचत राहिलो.

फळ्या मागच्या अंगणात गेल्या. सोफा भिंतीला लागला, मी कपाटासाठी मोजली होती त्याच भिंतीला. छगनने सवयीने टेप लावली.

"बरोबर बसना," तो म्हणाला. सोफा मापात चपखल बसला होता.

सुनंदाबाई बसून पाहून गेल्या. "आमच्यापेक्षा मऊ आहे," असं म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा थोडा उतरला होता. पार्वताबाई मात्र बराच वेळ उभ्याच होत्या. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि एका कडेला टेकल्या. मग थोड्या आत सरकल्या. मग इकडेतिकडे बघून पाय वर घेतले आणि लांब केले.

"माणूस मावतो," त्या म्हणाल्या.

"हो का," मी म्हणालो.

"बन्सीभाऊ उंच आहेत जरा. तरी मावतील."

"पण पुस्तकांना आता जागाच उरली नाही. बन्सीला काय कळवू?"

"पुस्तकं खोक्यांत येतील ना? मग राहू द्या खोक्यांत. खोकी या बाजूला. बन्सीभाऊ इथे टेकतील. तुम्ही ती खुर्ची ओढा आणि वाचा. कपाटातून काढलेलंच वाचता येतं असं आहे का काही?"

मी इतकी वर्षं ग्रंथपाल होतो. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आधी कपाट, मग पुस्तकं, मग बन्सीलाल, हा क्रम मी लावला होता. तिकडे तो दाराशी बसून गाडीचा आवाज ऐकत होता. डोळे कपाटाचे नव्हे, त्याचे जात होते.

छगन हत्यारं पिशवीत भरत होता. तो म्हणाला, "नाना, सोफाना वरे भितले फळ्या ठोकी देसू. सामान वाया नही जावाव. पुढला आठवडामा करू." मग जरा थांबून, "बिल?"

"साध्या कागदावर पावती द्या."

"आन टक्का?"

"टक्का नाही. तुम्हाला तो घ्यायचाच नव्हता म्हणे."

"मी कोठे घेत व्हतो? तुम्हीच देत व्हता," असं म्हणून त्याने खिशातून दुसरी लग्नपत्रिका काढली.

मी टेबलाची काच उचलली. पत्रावर काही डाग नव्हता, कपाचे गोल काचेवर उठले होते. ते पुसले आणि कागद घेतला. फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं, हे मला कळत होतं. पण त्याच्या दारात पोस्टमनची गाडी थांबायला हवी होती. ते फोनने झालं नसतं. वृषाली ते त्याला वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं.

'बन्सी, कपाट अजून झालं नाही. त्याची कारणं तुला समोर बसवून सांगण्यासारखी आहेत. एक सोफा मात्र आलाय, मरून रंगाचा. तू त्यावर मावशील असं पार्वता म्हणते. वृषालीला सांग, रद्दीवाल्याला परत पाठव. खोकी गाडीत मागे टाक आणि तू पुढे ड्रायव्हरशेजारी बस. महिनाअखेरीची वाट बघू नकोस. काय वाचायचं ते तू ठरव. माझा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही. मध्ये अडखळलो तर रागावू नकोस. आणि आठवडाभरच का, ते मला कळलं नाही. तुझा रुपचंद.'

पोस्टात गेलो. खिडकीतल्या माणसाने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"स्पीड पोस्टने द्या," मी म्हणालो. "लवकर जायला हवं."

"त्याला वर जीएसटी लागतो," तो म्हणाला. त्याचा आवाज आधीच थकलेला होता. माझ्या वयाची माणसं इथे रोज वाद घालत असावीत.

"लागू द्या."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पैसे घेतले, आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. ते आत पडल्याचा आवाज मी ऐकला आणि निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी पैसे देऊन पावती न मागता निघालो होतो. दारापर्यंत पोचलो तेवढ्यात मागून हाक आली.

"बाबा, पावती राहिली तुमची."

मी परत गेलो आणि ती घेतली. माणूस एका पत्रात किती बदलणार. उजेडात धरून वाचली. पत्र एक, जळगावहून धुळे, वजन, दर, कर. आत होतं तेच लिहिलं होतं.